साडेपाच फूटसुद्धा नव्हता, तरी सतरा सीझन खेळला: रॉब बरो टिकला कसा, एका फिजिओचं उत्तर

ताई, तुमचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो, टीममध्ये सगळ्यात बुटका आहे आणि तालुक्याच्या निवडीत त्याला "अजून अंग भरू दे" म्हणून परत पाठवलं. मग मोबाईलवर त्याला रॉब बरो नावाच्या इंग्लंडच्या रग्बी लीग खेळाडूचा व्हिडिओ दिसला आणि आता घरात दिवसभर तेच चालू असतं. तुम्ही विचारलंय की हा एवढासा माणूस त्या राक्षसांमध्ये इतकी वर्षं टिकला कसा, खरंच जिद्दीवर टिकला की नंतर आजारी पडला म्हणून लोक गोष्ट मोठी करून सांगतात, आणि पोराला हे बघू द्यावं का.

मी मूळचा सांगलीकडचा, शाळा-कॉलेजात उजवा कोपरा खेळायचो. गेली एकोणीस वर्षं इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशायरमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतोय, आठवडाभर मेंदू आणि नसांच्या आजाराचे पेशंट आणि शनिवार-रविवारी इथल्या एका गावच्या रग्बी लीग क्लबच्या पोरांसाठी बॅग घेऊन मैदानाच्या कडेला उभा. रॉबशी माझी ओळख नव्हती, त्याच्यावर मी कधी उपचारही केले नाहीत, लीड्सच्या हेडिंग्ली स्टेडियममध्ये तिकीट काढून बघितलंय एवढंच. पण त्याच्या आयुष्यातल्या दोन्ही गोष्टी, तो खेळ आणि तो आजार, माझ्या रोजच्या कामातल्या आहेत, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी खेळ समजून घ्या, कारण आपल्याकडे रग्बी म्हणजे एकच काहीतरी असं वाटतं. रग्बीचे दोन प्रकार आहेत, युनियन आणि लीग. लीगमध्ये एका बाजूला १३ खेळाडू. बॉल असलेल्या टीमला सहा टॅकल मिळतात, म्हणजे सहा वेळा पकड होईपर्यंत पुढे सरकायचं, तेवढ्यात पलीकडच्या रेषेमागे बॉल टेकवला तर ट्राय, नाहीतर बॉल समोरच्याला. पकड झाली की खाली पडलेल्या माणसानं उठायचं, बॉल जमिनीवर ठेवून पायानं मागे ढकलायचा, मागे एक जण उभा असतो त्याला डमी हाफ म्हणतात, तो उचलतो आणि खेळ परत सुरू. समोरच्या टीमला दर वेळी १० मीटर मागे पळावं लागतं. आता कबड्डीच्या डोळ्यांनी बघितलं तर ही चढाई-पकड-चढाई-पकडच आहे, फक्त श्वास धरायचा नाही आणि ८० मिनिटं चालतं. (आणि हा खेळसुद्धा कामगारांचाच. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब जमले आणि वेगळे झाले, कारण गिरणी आणि खाणीतल्या माणसाची शनिवारी मॅच खेळल्यामुळे मजुरी बुडायची, ती भरून द्यायला वरचे लोक तयार नव्हते. लालबाग-परळची कबड्डी ज्यांनी बघितली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही.)

एक मोठा फरक मात्र आहे. आपल्याकडे कबड्डीत वजनाची अट असते, इथे नाही. प्रॉप नावाचे जे पुढचे गडी असतात ते शंभर, एकशे दहा किलोचे, काही त्याच्याही वर, आणि ते दहा मीटर पळत येऊन अंगावर आदळतात. रॉब ५ फूट ५ इंच होता, म्हणजे साडेपाच फूटसुद्धा नाही, वजन सत्तर किलोच्या आसपास. त्याच्या बऱ्याच कारकिर्दीत सुपर लीगमधला (इथली रग्बी लीगची सगळ्यात वरची स्पर्धा) सगळ्यात लहान चणीचा खेळाडू म्हणूनच त्याची ओळख करून द्यायचे.

आता लोक काय म्हणतात, की तो चपळ होता, हाती लागायचाच नाही, म्हणून टिकला. हे अर्धंच खरं आहे आणि मला ते अर्धं कमी महत्त्वाचं वाटतं. बॉल तुमच्याकडे असताना तुम्ही चुकवाल हो, पण निम्मा वेळ बॉल समोरच्याकडे असतो, आणि तेव्हा प्रत्येक टीमचा पहिला प्लॅन हाच असतो की त्यांचा सगळ्यात लहान माणूस शोधा आणि आपला सगळ्यात जड माणूस सरळ त्याच्यावर सोडा. एकदा नाही, सामनाभर. तिथे चपळाई कामाची नाही, तिथे लपायला जागा नाही. तिथे खांदा घालावा लागतो.

मी स्टँडमधून हेच बघायचो. समोरून प्रॉप यायचा आणि रॉब छातीला भिडायच्या भानगडीतच पडायचा नाही, खाली जायचा, मांड्यांच्या खाली, कुस्तीत पट काढतात ना तसा, डोकं बाजूला, गाल त्या माणसाच्या मांडीच्या मागच्या बाजूला चिकटलेला, दोन्ही हात आवळलेले, आणि मग गडी कितीही मोठा असू दे, पाय बांधले की पडतोच. पण हे करायला काय लागतं माहितीये का, शेवटच्या क्षणापर्यंत डोळे उघडे ठेवावे लागतात. घाबरलेलं पोर टॅकलच्या आधी डोळे मिटतं आणि मान खाली घालतं, मी दर आठवड्याला बघतो, आणि तिथेच डोक्याला मार बसतो. सतरा वर्षं, दर आठवड्याला, अंगावर येणाऱ्या दीडपट वजनाच्या माणसाकडे डोळे उघडे ठेवून बघायचं. तुम्ही जिद्द हा शब्द वापरलाय, तर माझ्या मते ती इथे आहे.

दुसरी जागा म्हणजे उठणं. टॅकल झाल्यावर अंगावर दोन-तीन माणसं, ती बाजूला होईपर्यंत तीन-चार सेकंद जातात आणि तेवढ्यात समोरची रांग नीट लागते. पडलेला जितका पटकन उठेल तितकी समोरची रांग विस्कळीत. लहान माणसाला दाबून ठेवणं सोपं असतं, म्हणून त्याच्यावर जरा जास्तच वेळ पडून राहतात, आणि रॉब त्यांच्याखालून सुटून, बॉल टेकवून, मागे ढकलून परत लाईनमध्ये जायचा. टाळ्या या कामाला पडत नाहीत, स्कोअरबोर्डवरही येत नाही.

तर हा पोरगा पॉन्टेफ्रॅक्टला जन्मला, १९८२ मध्ये. त्याला लहानपणापासून सगळे हेच सांगत आले की बाळा तू फार लहान आहेस. २००१ मध्ये लीड्स ऱ्हायनोजकडून पहिल्यांदा उतरला आणि त्याच वर्षी सुपर लीगचा सर्वोत्तम युवा खेळाडू ठरला. मग २०१७ पर्यंत एकच क्लब, ४९२ सामने, आणि आठ वेळा चॅम्पियन, २००४, २००७, २००८, २००९, २०११, २०१२, २०१५ आणि २०१७. २००७ मध्ये ग्रेट ब्रिटननं न्यूझीलंडला ३-० हरवलं त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू हाच. त्याच वर्षीच्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटी सुपर लीगचा चॅम्पियन ठरवणाऱ्या सामन्यात, लीड्सनं सेंट हेलेन्सला ३३-६ नं हरवलं, तिथेही सामनावीर हाच. म्हणजे ताई, आजार नंतर आला, नाव त्याच्या खूप आधी झालं होतं. तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

आणि तुमच्या मुलानं जो व्हिडिओ बघितलाय तो बहुतेक २०११ च्या फायनलचा असणार, मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड, परत समोर सेंट हेलेन्स. त्या वर्षी लीड्स टेबलमध्ये पाचवे होते आणि पाचव्या नंबरवरून तोपर्यंत कोणी फायनल जिंकलं नव्हतं. रॉब बेंचवरून आत आला. जवळजवळ अर्ध्या मैदानावर बॉल हातात आला, समोर माणसांची भिंत, एकानं मानेच्या उंचीला हात टाकला आणि रॉब त्या हाताखालून गेला. अहो ती डुबकी आहे! शुद्ध डुबकी. मी घरी टीव्हीसमोर मराठीत ओरडलो आणि शेजारचा इंग्लिश मित्र घाबरला, त्याला मग मी कबड्डीचे व्हिडिओ लावून दाखवले की बघ, आमच्याकडे याला नाव आहे. त्या डुबकीनंतर तो थांबला नाही, वर येताना वेग वाढवतच आला, शेवटच्या माणसाला एका पावलात चुकवलं आणि ट्राय.

फिजिओ म्हणून त्या दोन सेकंदांवर मी तासभर बोलू शकतो. वाकताना कंबरेत मोडलं की नजर जमिनीला जाते आणि वर यायला वेळ लागतो. रॉब गुडघ्यात आणि खुब्यात बसतो, पाठ बऱ्यापैकी सरळ, डोळे पुढे. बसायच्या आधीचं पाऊल आखूड, म्हणजे वेग थोडा मरतो पण तोल जात नाही. आणि वर येताना पाय पूर्ण जमिनीवर दाबलेला, त्यामुळे ताकद थेट पुढे जाते. धडाचं वजन मुळात जमिनीजवळ असल्यामुळे त्याला हे उंच माणसापेक्षा कमी वेळात जमतं, म्हणजे जी गोष्ट सगळे कमी म्हणून मोजत होते तिचाच तो उपयोग करत होता. पण नुसतं बुटकं असून हे येत नाही. वेगात असताना असं बसायला मांडीच्या मागच्या स्नायूंना ताणलेल्या अवस्थेत शरीराचं सगळं वजन पेलावं लागतं, ती तयारी वर्षानुवर्षांची असते, एका सीझनमध्ये होत नाही.

तो सामना लीड्सनं, मधे १६-८ नं मागे पडूनही, ३२-१६ नं जिंकला, आणि सामनावीराच्या हॅरी संडरलँड ट्रॉफीसाठी मतं देणाऱ्या सगळ्या पत्रकारांनी रॉबचंच नाव लिहिलं, एकही मत दुसरीकडे नाही. असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

बेंचचं जरा सांगू दे, कारण माझ्या दृष्टीनं कारकिर्दीतला सगळ्यात अवघड भाग तोच. तरुणपणी तो स्क्रम हाफ होता, म्हणजे टीमचा सूत्रधार. पुढे डॅनी मॅग्वायर आणि कॅप्टन केव्हिन सिनफील्ड त्या जागा सांभाळायला लागले आणि रॉबला डमी हाफच्या जागी, बऱ्याचदा बदली म्हणून, पंचवीस-तीस मिनिटांसाठी वापरायला लागले. देशाकडून खेळलेला, फायनलचा सामनावीर असलेला माणूस, दुसऱ्या कुठल्याही क्लबमध्ये पहिल्या तेरामध्ये बसला असता. मी खूप चांगले खेळाडू या जागी कडू झालेले बघितलेत, कबड्डीतही आणि इथेही, सरावाला उशिरा येतात, वॉर्म-अप अर्धवट करतात, आणि मग आत गेल्यावर स्नायू दुखावून बसतात. बदली खेळाडूचं शरीर तयार ठेवणं हे मुळातच कठीण काम आहे, थंडीत बसून राहायचं आणि मग एकदम पूर्ण वेगात. रॉबनं त्या तीस मिनिटांतच सामने फिरवायला सुरुवात केली, कारण तोवर समोरचे प्रॉप थकलेले असायचे आणि दहा मीटर मागे पळायला त्यांचे पाय उचलायचे नाहीत, नेमका तेव्हा हा ताजा माणूस डमी हाफमधून सुटायचा.

हरणं पण खूप होतं हो. चॅलेंज कप म्हणून इथे दुसरी मोठी स्पर्धा आहे, लीड्स तिच्या २००३, २००५, २०१०, २०११ आणि २०१२ च्या फायनल हरले. पाच! २०१४ मध्ये कॅसलफर्डला हरवून एकदाचा तो कप आला, २०१५ मध्ये हल केआरला ५०-० नं हरवून परत. २०१५ ला तिन्ही ट्रॉफ्या (चॅलेंज कप, ग्रँड फायनल आणि टेबलमध्ये पहिलं आल्याची) लीड्सच्या घरात होत्या, आणि त्याच वर्षी नाताळात नदीचा पूर आला, कर्कस्टॉलचं सरावाचं मैदान पाण्याखाली गेलं, पुढचा सीझन इतका वाईट गेला की टीमला खालच्या विभागातल्या क्लबांबरोबर जागा वाचवायला खेळावं लागलं. २०१७ च्या मार्चमध्ये कॅसलफर्डनं ६६-१० नं धुतलं. आणि ऑक्टोबरमध्ये फायनलमध्ये तेच कॅसलफर्ड, लीड्स २४-६ नं जिंकले. तो रॉबचा शेवटचा सामना. शेवटी थोड्या मिनिटांसाठी उतरवला, आणि आठवं पदक गळ्यात घालून गेला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१९ च्या डिसेंबरमध्ये, मोटर न्यूरॉन डिसीजचं (एमएनडी) निदान झालं. सुरुवात बोलणं जड होण्यापासून झाली होती. वय ३७, तीन लहान मुलं, धाकटा तर अगदी तान्हा. हा आजार मी रोज बघतो त्यामुळे थोडक्यात सांगतो, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या ज्या चेतापेशी स्नायूंना हुकूम देतात त्या एकेक मरत जातात. हुकूम बंद झाला की स्नायू वाळतो. हात, पाय, जीभ, घसा, शेवटी श्वासाचे स्नायू. आणि बहुतेकांचं डोकं मात्र शाबूत असतं, सगळं कळत असतं. आजार थांबवणारं औषध नाही. पुष्कळ लोक निदान झाल्यावर दार लावून घेतात, आणि त्यांना कोणी दोष देऊ नये.

रॉबनं दार उघडं ठेवलं. २०२० च्या जानेवारीत, निदानाला महिना होत नाही तोच, हेडिंग्लीवर ब्रॅडफर्डविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांसाठी जर्सी घालून उतरला, स्टेडियम खचाखच भरलं होतं. मग वजन गेलं, चालणं गेलं, आवाज गेला. आवाज जायच्या आधी त्यानं रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं, त्यावरून कॉम्प्युटरनं त्याचा यॉर्कशायरचा हेल असलेला आवाज बनवला, आणि डोळ्यांच्या हालचालीनं अक्षरं निवडून तो बोलायचा. २०२२ मध्ये बीबीसीच्या लहान मुलांच्या कार्यक्रमात त्यानं तशीच गोष्ट वाचून दाखवली. तुम्हाला सांगतो, त्यानंतर माझ्याकडे येणारे पेशंट स्वतःहून विचारायला लागले की आमचा आवाज असा साठवता येईल का. आधी आम्हीच हळूच विषय काढायचो आणि घरचे रडायला लागायचे. हा फरक मी माझ्या खोलीत बसून बघितलाय, म्हणून मला कोणी म्हणालं की उगाच मोठं केलंय तर मला वाईट वाटतं. त्याची बायको लिंडसी स्वतः फिजिओ आहे, तिनं त्याची घरी जी काळजी घेतली ती किती मेहनतीची असते हे मला माहीत आहे, उचलणं, बसवणं, भरवणं, रात्री कूस बदलणं, आणि सकाळी परत स्वतःच्या कामावर.

आणि सिनफील्ड. ज्याच्यामुळे एका अर्थी रॉब बेंचवर गेला तोच कॅप्टन. २०२० च्या डिसेंबरमध्ये तो सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला, सात कारण रॉबची जर्सी ७ नंबरची. ७७,७७७ पौंड जमवायचं ठरवलं होतं, जमले वीस लाखांच्या वर. २०२३ च्या मे महिन्यात रॉबच्या नावाची पहिली लीड्स मॅरेथॉन झाली, तेव्हा सिनफील्डनं त्याला खास व्हीलचेअरमध्ये बसवून सव्वीस मैल ढकलत नेलं, आणि शेवटच्या रेषेजवळ थांबून त्याला दोन्ही हातांवर उचलून घेतलं, चालत रेषा ओलांडली. मी त्या दिवशी लीड्सच्या रस्त्यावर पाण्याच्या बाटल्या वाटायला होतो. आजूबाजूला खाणकामगारांची पोरं, टॅटूवाले आडदांड गडी, सगळे उघड रडत होते.

रॉब २ जून २०२४ ला गेला, ४१ वर्षांचा. दुसऱ्याच दिवशी लीड्सच्या सीक्रॉफ्ट हॉस्पिटलच्या आवारात त्याच्या नावाच्या एमएनडी सेंटरच्या कामाचा पहिला फावडा मारायचा होता, घरच्यांनी तो कार्यक्रम पुढे ढकलला नाही. ८ जूनला वेम्ब्लीत चॅलेंज कपची फायनल होती, ती तीनला सुरू व्हायची ती तीन वाजून सात मिनिटांनी सुरू केली. आणि त्या वर्षापासून ग्रँड फायनलच्या सामनावीराला रॉब बरो अवॉर्ड देतात.

आता तुमच्या मनात जो प्रश्न असणार आणि तुम्ही लिहिला नाही तो. रॉबला हा आजार खेळामुळे झाला का, हे एका माणसाबद्दल कुणीच ठामपणे म्हणू शकत नाही. पण स्कॉटलंडच्या माजी रग्बी युनियन आंतरराष्ट्रीय खेळाडूंवर ग्लासगोच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मेंदूच्या झिजेचे आजार बाकीच्यांपेक्षा साधारण अडीचपट आढळले. म्हणून मी स्पष्ट सांगतो, कबड्डीत गुडघा डोक्याला लागला, पोराला चक्कर आली, उलटी झाली, स्कोअर आठवेना, की तो सामना संपला, फायनल असली तरी संपला. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय परत मॅटवर जायचं नाही. कोच काही म्हणाले तरी इथे आईचं चालायला पाहिजे.

उंचीचं म्हणाल तर चौदाव्या वर्षी मुलांमध्ये दोन-दोन वर्षांचा फरक असतो, काहींची वाढ बाराव्या वर्षी होते, काहींची सोळाव्या. लवकर वाढलेलं पोर आज वजनावर जिंकतं. तुमच्या मुलाला वजन नाही म्हणून रोज काहीतरी शोधून काढावं लागतं, ते त्याच्याजवळ राहणार. "अंग भरायला" म्हणून डब्यातली पावडर देऊ नका, डाळ, अंडी, दूध, भाकरी आणि नऊ तास झोप द्या. आणि बघू द्या व्हिडिओ, जरूर बघू द्या. फक्त त्याला सांगा की ट्राय झाल्यावर बंद करू नकोस, पुढचा किकऑफ बघ, त्यानंतर समोरचा मोठा गडी कुणाच्या अंगावर पळत येतो ते बघ आणि रॉबचे डोळे कुठे आहेत ते बघ.

आणि हो, त्याचा डुबकी मारतानाचा एखादा व्हिडिओ बाजूनं काढून पाठवा. कंबरेत मोडतोय की गुडघ्यात बसतोय एवढं बघून सांगतो, मग व्यायाम लिहून देतो.